अकरा क्रमांकाचं कुलूप

सोमवार, ६ जानेवारी २०२५

नवी वही. गेल्या वर्षीची जूनमध्येच थांबली, कारण अक्का म्हणाली, "रोज उठून 'आज विशेष काही नाही' असं लिहायला शाई कायकू घालवतोस?" अक्का म्हणजे माझी थोरली बहीण सुशीलाबाई, वय त्र्याऐंशी. नल्लकुंट्याच्या या दोन खोल्यांत आता आम्ही दोघंच. माझी पत्नी लीला जाऊन नऊ वर्षं झाली. अक्का आली, आणि घरात पुन्हा कोणी तरी मला रागवायला लागलं.

आज मात्र विशेष आहे. चारुलता आली होती, विद्यापीठातून. तिचं संशोधन आमच्या जुन्या मराठी शाळेवर आहे. शाळेवर म्हणजे खरं तर दत्तोबा मास्तरांच्या एका कवितेवर, 'पुलावरचा दिवा'. मास्तरांनी ती स्वतः रचली, दर वर्षी सातवीच्या फळ्यावर लिहिली आणि दर वर्षी पुसली. छापली कधीच नाही. मास्तर गेले, वही गेली. आता ती कविता उरली आहे ती आमच्यासारख्यांच्या टकल्या डोक्यांत, तीही तुकड्यातुकड्यांनी.

मुशीकाठचा म्हातारा तो
दिवा घेउनी उभा राहतो;
कोण, कुठूनी, कशास आला
पुसे न कोणा, वाट दावितो.

हे लिहिताना आत्ता खडूचा वास आला. खरोखर आला.

चारुलतानं पंधरा जणांना गाठून प्रत्येकाला जे आठवतं ते त्याच्या आवाजात उतरवून घेतलं आहे. त्यात मी एक. "काका, आता हे ऐकून लिहून काढायला माणूस पाहिजे. विद्यार्थ्यांना दिलं तर एकेका ओळीची वाट लावतात. तुम्ही बसता का?" बसतो म्हणजे! मी तर पाट मांडून बसलो होतो.

सगळे आवाज क्लाउडमध्ये ठेवलेत म्हणे. फोल्डर म्हणजे कपाट. कपाट कुठे तरी लांब, पण दार माझ्या टॅबवर उघडतं. कोणाला नुसतं ऐकू द्यायचं, कोणाला शेरा मारू द्यायचा, कोणाला खाडाखोड करू द्यायची, हे कागदागणिक ठरतं. शिवाय आवाज देणाऱ्या प्रत्येकानं फॉर्म भरून दिला आहे की माझं कोणी ऐकावं आणि कोणी ऐकू नये. नावं झाकली आहेत, प्रत्येकाला फक्त नंबर. मी नंबर एक. म्हटलं, "पोरी, मला हे काय समजावतेस? एकतीस वर्षं मुहाफिजखान्यात काढली." कचेरीच्या रेकॉर्ड रूमला आमच्याकडे मुहाफिजखाना म्हणत, निजामाच्या वेळचं नाव. अर्जाशिवाय तिथून कागदाचा कपटा हलत नसे.

अक्का म्हणाली, "ढगात कपाट! भिजलं तर?"

गुरुवार, ९ जानेवारी

चार दिवस कानाला टॅब लावून बसलो आहे. नावं नसली तरी आवाज ओळखू येतात. चौथा म्हणजे तो बाकाखाली चिंचा लपवणारा. सातव्याला दुसरं कडवं म्हणताना रडू आलं, मग मलाही.

कवितेची सात कडवी. सहा जुळली. सातव्याची पहिली ओळ मला येते, 'दिवा विझे तर नको भिऊ रे'. पुढच्या तीन ओळी चौसष्ट वर्षं झाली, आठवत नाहीत. आतापर्यंत ऐकलेल्यांपैकी कोणालाच येत नाहीत. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला काय हवं असतं? मला त्या तीन ओळी हव्या आहेत.

आणि अकरा नंबर उघडत नाही! त्यावर कुलपाचं चित्र. 'तुम्हाला परवानगी नाही. परवानगी मागा.' खाली निरोप लिहायला चौकट. चारुलताला फोन केला.

"ते बंद आहे, काका. मागून बघा."

"पण अर्ज जातो कोणाकडे?"

"ज्यांचं आहे त्यांच्याकडे." मग घाईनं म्हणाली, "लेक्चर आहे, ठेवते."

ज्यांचं आहे म्हणजे विद्यापीठाकडे. तिथे कोणी तरी कारकून बसलेला असणार. कारकुनाशी त्याच्याच भाषेत बोललेलं बरं. लिहिलं:

'अर्जदार नामदेव, माजी विद्यार्थी, सातवी. विषय: क्रमांक अकरा ऐकण्यास मिळणेबाबत. कारण: शेवटच्या कडव्यातील तीन ओळी हरवल्या असून शोध चालू आहे. उपलब्ध असल्यास कृपा व्हावी.'

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

सकाळपासून गच्चीगच्चीवर पतंग. कुसुमताई तिळगूळ घेऊन आल्या. सातवीत आमच्याच वर्गात होत्या. लग्न होऊन गुलबर्ग्याला गेल्या आणि वीस वर्षांपूर्वी, यजमान गेल्यावर, इथेच जवळ बरकतपुऱ्याला मुलाकडे परतल्या. अक्काचं आणि त्यांचं फार जमतं. दोघी मिळून माझ्यावर हसतात, हे मुख्यतः जमतं.

आज येता येताच म्हणाल्या, "तीन ओळी हरवल्या म्हणे तुमच्या?"

"हौ ना, कुसुमताई."

"मग पोलिसांत द्यायचं. वर्णन काय सांगाल? उंच, सावळ्या?"

अक्का ठसका लागेपर्यंत हसली. तीन ओळींचं मी त्यांना कधी सांगितलं, आठवत नाही. सांगितलं असेल, मी सगळ्यांनाच सांगतो. मी विचारलं, "तुम्ही चारुलताला आवाज दिलात की नाही? चौदा जण ऐकले, त्यात तुम्ही नाहीत."

"माझा आवाज कोण ऐकणार, नामदेवराव?"

नसेल दिला. वाईट वाटलं. वर्गात त्यांचं पाठांतर चांगलं होतं, असं अंधुक आठवतं.

बुधवार, १५ जानेवारी

'तुमची विनंती नाकारण्यात आली आहे.' कारण दिलेलं नाही. आमच्याकडे कारण लिहिल्याशिवाय अर्ज फेटाळता येत नसे.

गुरुवार, २३ जानेवारी

आज दुसरा अर्ज केला. पहिल्यात तपशील कमी पडला असावा. या वेळी सविस्तर लिहिलं. कारकून बिचारा कंटाळेल, पण प्रकरणाची पार्श्वभूमी कळल्याशिवाय तो निर्णय कसा देणार? नक्कल इथे ठेवतो.

'महाशय, सन १९६१. शाळेचं स्नेहसंमेलन. तपासनीस आले होते. ही कविता म्हणायला माझी निवड झाली होती. मंचावर हिरवा पडदा, दोन चादरी जोडून केलेला. मी पडद्यापुढे. सहा कडवी खणखणीत म्हटली. सातव्याची पहिली ओळ म्हटली आणि समोर सगळं पांढरं झालं. तोंड उघडं, शब्द नाही. तेवढ्यात मागून, पडद्याआडून, कोणी तरी हलकेच पुढच्या तीन ओळी सांगितल्या. मी पोपटासारख्या म्हटल्या आणि भीतीनं तिथेच विसरलो. पहिलं बक्षीस मिळालं, पितळी झाकणाची कंपासपेटी. ती अजून माझ्या टेबलावर आहे. सांगणारे अर्थातच दत्तोबा मास्तर होते. त्यांचे आभार मानायचे राहिले. ते गेले तेव्हा मी आदिलाबादला बदलीवर होतो. आता त्या ओळी मिळाल्या तर निदान मनात म्हणून आभार मानता येतील. कृपया विचार व्हावा.'

रविवार, २ फेब्रुवारी

पुन्हा नकार. पण या वेळी तब्बल दहा दिवसांनी आला. म्हणजे फाइल वरपर्यंत गेली असावी. आशेला जागा आहे.

आज आमच्या मराठी वाचनालयाची महिन्याची बैठक होती. मी तो पडद्याचा प्रसंग सांगत होतो, मंडळी नेहमीप्रमाणे ऐकत होती, म्हणजे कोणी चहा पीत होतं, कोणी पेपर चाळत होतं. कुसुमताई एकदम म्हणाल्या, "मास्तर कसे असतील पडद्यामागे? ते तर समोर बसले होते. पहिल्या रांगेत, तपासनिसांच्या शेजारी. काळी टोपी घालून."

डोळे मिटून पाहिलं. पहिली रांग. तपासनिसांचा जाड चष्मा. आणि शेजारी काळी टोपी. हो. होते. चौसष्ट वर्षं मी त्यांना एकाच वेळी पडद्याच्या पुढेही बसवलं आहे आणि मागेही.

"मग मागे कोण होतं?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक? दोरी ओढणारं कोणी तरी असेल," असं म्हणून त्या चपला शोधायला लागल्या. चपला पायातच होत्या.

घरी येऊन अक्काला सांगितलं. ती डाळ निवडत होती. म्हणाली, "आपल्या वेळी मुलींना मंचावर उभं राहू देत होते का रे?"

"नाही. नाटकात सुद्धा मुलगेच लुगडी नेसायचे."

"मग मुली काय करायच्या संमेलनात?"

"कोणास ठाऊक. असतील कुठे तरी."

अक्कानं डाळीतला एक खडा उचलला आणि माझ्याकडे बघत लांब फेकला. तिला आज काय झालं होतं, कळेना.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पाचवा अर्ज. आता सवयीनं लिहितो. उत्तर नकाराचंच येतं, पण येतं. या वयात पत्राला उत्तर देणारं कोण उरलं आहे? आज फारसं कारणही नव्हतं. मागे कोण होतं हे कळेपर्यंत चैन नाही, एवढं लिहिलं. शेवटी, 'तीन दिवस खोकला असल्यामुळे अर्ज त्रोटक आहे, क्षमस्व.'

बुधवार, १२ फेब्रुवारी

काय योगायोग! सकाळी दहाला कुसुमताईंची सून भाग्यलक्ष्मी डबा घेऊन हजर. आत गरम गरम मिरियाल चारू, मिरी घातलेलं सार. "अत्तय्या पाठवल्या. खोकल्याला चांगलं असतं. पूर्ण प्यायचं बोलल्या." ती तेलुगू घरची, सासूला अत्तय्या म्हणते, पण मराठी छान जमवते.

"पण मला खोकला आहे हे त्यांना कसं कळलं?"

भाग्यलक्ष्मीनं अक्काकडे पाहिलं, अक्कानं छताकडे. "बरकतपुऱ्यापर्यंत ऐकू येतो तुझा खोकला," अक्का म्हणाली.

चारू उत्तम होतं. घसा मोकळा झाला.

सोमवार, ३ मार्च

वाईट बातमी. चारुलताची इथली नोकरी ३१ मार्चला संपते. तिला वडोदऱ्याला जागा मिळाली आहे. चांगलीच गोष्ट. पण हे सगळं कपाट तिच्या विद्यापीठाच्या खात्यावर आहे. नोकरी संपली की खातं बंद, आणि त्याबरोबर कपाटही जाणार. पंधरा आवाज. त्यातला चिंचावाला चौथा तर गेल्या महिन्यातच वारला.

"मास्तरांनी फळा पुसायचा तसं," मी म्हटलं.

"नाही होऊ देणार, काका. विभागाच्या नावानं सामायिक कपाट घेतलंय. सगळं तिकडे हलवते. पण त्याला इथला मॅनेजर पाहिजे. विभागाच्या मॅडम आहेत, त्यांना मराठी येत नाही. ज्याला हे आवाज माहीत आहेत असं कोणी तरी पाहिजे. तुम्ही होता का?"

"मी? मला अजून टॅबचा आवाज कमी करता येत नाही."

"मुहाफिजखाना कोणी सांभाळला एकतीस वर्षं?"

पोरगी वकिलाच्या घरची आहे, यात शंका नाही.

गुरुवार, ६ मार्च

शिकतो आहे. रोज दुपारी दोन तास. चारुलता एकेक गोष्ट तीनदा करायला लावते. परवानगी देणं, परवानगी काढणं, किती दिवसांची ते ठरवणं. काल चुकून मी स्वतःलाच बाहेर काढलं होतं. दोघंही हसत बसलो. पण तिनं बजावलं, "काका, एक लक्षात ठेवा. फॉर्मवर माणसानं जे लिहून दिलंय, तेच कुलूप. आपल्या मनानं एकही उघडायचं नाही."

हे मला सांगावं लागत नाही, असं म्हणालो.

बुधवार, १२ मार्च

आज मॅनेजर झालो. चारुलतानं सगळं हलवलं, पेढे ठेवले आणि गेली.

दुपारी सहज कपाट उघडलं. एक, दोन, तीन. उतरत उतरत अकरावर आलो. अकरापुढे कुलूप नव्हतं. मॅनेजरला सगळंच उघडं असतं, हे ती बोलली होती. माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

एका बोटाचं अंतर. आत तीन ओळी आहेत, हे आता मी शपथेवर सांगतो, कारण बाकी कुठेच नाहीत.

उघडण्याआधी फॉर्म पाहिला. ते आपलं कामच आहे. अकरा नंबरचा फॉर्म. कोणी ऐकावं: 'सर्वांनी.' कोणी ऐकू नये: 'फक्त नामदेवराव.'

पुन्हा वाचलं. चष्मा पुसून वाचलं.

म्हणजे अर्ज कारकुनाकडे जातच नव्हते. हे कोणा जित्याजागत्या माणसानं लिहून दिलं आहे, आणि अर्जही त्या माणसाकडेच जात होते. मी कोणाचं काय वाकडं केलं होतं? सातवीत कोणाशी भांडलो? एकाची पाटी फोडली होती, पण भरून दिली. आणि एवढे अर्ज त्या माणसानं वाचले, तरी राग गेला नाही.

जेवण गेलं नाही. अक्का विचारत राहिली, सांगितलं नाही.

गुरुवार, १३ मार्च

उघडलं नाही.

सकाळी एकदा बोट तिथपर्यंत नेलं होतं, हे इथे लिहून ठेवतो. ही वही खोटं लिहायला नाही. कोणाला कळलं असतं? कोणालाच नाही. ऐकायचं, ओळी टिपायच्या, गप्प बसायचं.

पण आमचे जुने मुहाफिज हैदरअली साहेब डोळ्यांपुढे आले. माझी नोकरी नवी होती. आमच्या शेजाऱ्यांच्या वाटणीच्या खटल्याची फाइल मी नुसत्या कुतूहलानं उघडली होती. ते मागे उभे. ओरडले नाहीत. म्हणाले, "मियाँ, चाबी हाथ में है बोलके इजाजत नईं मिल गई." पुढच्या एकतीस वर्षांत मी न मागितलेली एकही फाइल उघडली नाही. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तीन ओळींसाठी ते मोडू?

पण किल्ली अशी हातात ठेवून रोज त्या दारावरून जायचं, हेही माझ्यानं होणार नाही. अकराची किल्ली दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला हवी. विश्वासाचं, मराठी जाणणारं, तोंडाचं बंद.

एकच नाव सुचतं. रविवारी बरकतपुऱ्याला जातो.

रविवार, १६ मार्च

कसं लिहू? क्रमानं लिहितो.

पाच वाजता गेलो. कुसुमताई बाल्कनीत, मांडीवर टॅब. मला पाहून तो उलटा ठेवला. भाग्यलक्ष्मीनं पाणी आणलं. मी सरळ विषयाला हात घातला.

"कुसुमताई, एक जबाबदारी घ्याल का? आमच्या कपाटात एक आवाज आहे. त्या माणसानं लिहून दिलंय की मी सोडून सगळ्यांनी ऐकावं. माझ्यावर राग असेल त्याचा. असो. पण आता सगळ्या किल्ल्या माझ्याकडे आल्यात, आणि ती एक माझ्याकडे असू नये असं वाटतं. तुम्ही ठेवा. मला त्या दारापुरतं पुन्हा साधा वाचक करा. तुमच्याइतकं विश्वासाचं दुसरं कोणी सुचलं नाही."

त्या माझ्याकडे बघत हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. हसू होतं की काय होतं, मला ठरवता येईना.

भाग्यलक्ष्मी दारात उभी होती. तिला राहवलं नाही. "अय्यो अंकल! ते आवाज ह्यांचाच! तुमचे सगळे अर्ज ह्यांच्याकडेच येतात. रोज वाचतात, एकेक दोन-दोन वेळा. मला पण वाचून दाखवतात."

"भाग्या, तू चहा टाक गं," कुसुमताई म्हणाल्या.

खोकल्याचं सार आठवलं. 'उंच, सावळ्या' आठवलं. कारकून समजून काय काय लिहिलं होतं, देवा!

मग त्यांनी हळूच विचारलं, "ऐकलंत का?"

"नाही."

"किल्ली बुधवारपासून तुमच्याकडे आहे. चारुलता म्हणाली."

"आहे."

"आणि तुमच्या त्या तीन ओळी आत आहेत, हे कळलं असेल."

"कळलं."

"तरी नाही ऐकलंत?"

"तुमचा फॉर्म होता तसा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

चहा आला, गार झाला. शेवटी त्यांनी टॅब उचलला. "आणा ती किल्ली इकडे. कशी घ्यायची ते दाखवा." मी दाखवलं, चारुलतानं मला दाखवलं होतं तसं, तीनदा. अकराची मुखत्यारी आता त्यांची. मी साधा वाचक, तेही कुलपाबाहेरचा.

निघताना जिन्यापर्यंत आल्या. "मंगळवारी बघा उघडतंय का. एका दिवसाची परवानगी देईन. लिहून घ्यायचं नाही, नुसतं ऐकायचं."

मंगळवार, १८ मार्च

उघडलं.

लिहून घ्यायचं नाही असं त्या म्हणाल्या होत्या, म्हणून अकरा नंबर इथे उतरवत नाही. पण संध्याकाळी फोन करून विचारलं, वहीत थोडं टिपू का? म्हणाल्या, "थोडं." तेवढंच टिपतो.

त्यांच्या आवाजात त्या सांगतात, 'कविता माझी पाठ होती. मास्तरांनी आधी मलाच म्हणायला लावली, वर्गात. मग घरून निरोप आला की मुलीनं मंचावर उभं राहायचं नाही. मग नाम्याला उभं केलं. मला म्हणाले, तू पडद्याची दोरी धर. मी दोरी धरून उभी. नाम्या अडकला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? एक क्षण वाटलं, अडकू दे. मग त्याचे पाय दिसले पडद्याखालून. थरथरत होते. मग सांगितलं. त्याला कंपासपेटी मिळाली. तो एकदाही मागे वळून बघायला आला नाही. पुढे तो मास्तरांचं नाव घेऊन ती गोष्ट सांगत सुटला. वीस वर्षं मी वाचनालयात बसून ऐकते आहे. त्याची मास्तरांवर एवढी भक्ती, ती कशाला मोडू? त्याला नका ऐकवू. राहू दे सुखात.'

आणि मग ती त्या तीन ओळी म्हणते. कुसुम. तेरा वर्षांची. आवाज अठ्ठ्याहत्तरचा, पण म्हणणारी तेरा वर्षांची. मी ओळखला. इतकी वर्षं तो कानात होता, मी त्याच्यावर चुकीचं नाव लिहून ठेवलं होतं. रेकॉर्डवाल्या माणसाकडून याहून मोठी चूक कोणती?

ओळी इथे लिहीत नाही. आता विसरणार नाही.

शनिवार, २९ मार्च

चारुलताच्या निरोपाला वाचनालयात आज वीस-बावीस मंडळी जमली. कपाट सुखरूप हललं, सोमवारी तिचं खातं बंद झालं तरी काही जाणार नाही. अकराचा फॉर्मही कुसुमताईंनी बदलून दिला आहे. 'फक्त नामदेवराव' खोडलं, खाली सही केली.

कविता मी म्हणावी, असं चारुलतानं सुचवलं. पूर्ण, सातही कडवी, पहिल्यांदा एका जागी. मी उभा राहिलो. पाय थरथरले नाहीत. सहा कडवी झाली. सातव्याची पहिली ओळ म्हटली,

दिवा विझे तर नको भिऊ रे

आणि थांबलो.

कोणी तरी कुजबुजलं, "विसरले." चारुलता अर्धी उठली. अक्कानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. मी वळलो. कुसुमताई डावीकडे, खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. त्यांनी भुवया उंचावल्या. मी हललो नाही. मग त्या बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, आणि हलकेच नाही, सगळ्यांना ऐकू जाईल अशा,

मागुन कोणी हाक देतसे;
नाव न त्याचे ठाउक तुजला,
तरी सोबती तोच होतसे.

विसरलो नव्हतो. अकरा दिवस दुसरं काही म्हटलं नव्हतं. पण त्या ओळी माझ्या म्हणायच्या नव्हत्या. या वेळी मध्ये पडदा नव्हता, एवढंच.

नंतर त्यांना कंपासपेटी दिली. उघडून पाहिली तर आत माझी रबरं, दोन टोपणं आणि गोळ्यांचं एक पाकीट. "निदान रिकामी करून तरी द्यायची, नामदेवराव!" म्हणाल्या. पण परत दिली नाही. पर्समध्ये मावत नव्हती, तरी कोंबली.

शनिवार, ५ एप्रिल

उगादी, म्हणजे आपला पाडवा, झाली. चारुलता वडोदऱ्याला पोचली, फोन होता. मी रोज सकाळी कपाट उघडून एकेक नंबर नीट आहे ना पाहतो. मुहाफिजाचं काम.

आज एक विचित्र गोष्ट. अकरा नंबरवर पुन्हा कुलूप! बाकी सगळ्यांना उघडं आहे, चारुलताला विचारून खात्री केली. फक्त मला नाही. 'तुम्हाला परवानगी नाही. परवानगी मागा.' खाली तीच रिकामी चौकट. यंत्रात बिघाड झाला असावा. फॉर्म तर बदललेला आहे, माझ्या डोळ्यांदेखत सही झाली. अकराची मुखत्यारी कुसुमताईंकडे आहे. चुकून कुठलं बटण दाबलं गेलं असेल बिचाऱ्यांकडून. दुरुस्त कसं करायचं ते सांगायला फोन करावा म्हणून उठलो.

अक्कानं वर न बघता विचारलं, "मागचा अर्ज कधी केला होतास?"

"महिना होत आला असेल. का?"

"काही नाही. फोन नक्को करू. बिघाड नाही तो. बस आणि अर्ज लिही."

"पण कारण काय लिहू? ओळी तर मिळाल्या."

"ते तुझं तू बघ."

बसलो आहे. खोकला पूर्ण थांबला, हे कारण म्हणून चालेल का, लिहून पाहतो.